बारा वाजताची वाट

स्क्रीनवर एक बारीक निळी रेघ.
समुद्रापासून साठ किलोमीटर वर
हवेला टेकत, उचलत, पुन्हा टेकत येणारी.
तिच्यापाशी इंजिन नाही. आहे तो फक्त वेग,
आणि तो उतरेपर्यंत कुठेतरी खर्चावा लागतो.

माझं काम खर्चाची वही ठेवण्याचं.
हवा चौपट दाट झाली तर ताप दुप्पट.
वेग दुप्पट झाला तर ताप आठपट.
नाक अणकुचीदार ठेवलं तर तेच आधी वितळतं,
बोथट ठेवलं तर पेटलेली हवा
चार बोटं पुढेच अडते,
आगंतुक खळ्यातच थांबावा तशी.

एकदम खोल बुडालं तर क्षणात जळतं.
वरवर तरंगत राहिलं तर जळत नाही,
पण वेळ लांबतो, आणि धग
एकेक थर आत उतरत जाते.
या दोहोंमध्ये एक अरुंद बोळ आहे.
मीटिंगमध्ये सगळे त्याला कॉरिडॉर म्हणतात.
मला गिर्येचा सडा दिसतो.

मे महिना. जांभा असा तापलेला
की लांबची पवनचक्की
पाण्यात उभी असल्यासारखी हलते.
अनसू तारी अनवाणी.
डोक्यावर बांगड्यांची पाटी, वर ओला गोणपाट,
विजयदुर्गच्या धक्क्यावरून निघालेली.
मागे मी, नव्या चपला हातात धरून,
कारण तिला नव्हत्या.

"धावलंस तर कातडी भाजता," ती म्हणायची,
"रेंगाळलंस तर हाडूक."

तिची नऊची वाट वेगळी होती, बाराची वेगळी.
कुठल्या भेगेत अजून गवत आहे,
करवंदीची सावली कुठवर पोचते,
कुठला कातळ काळा, कुठला शेवाळ वाळून पांढरा,
हे सगळं तिच्या तळव्यांत.
सरळ ती कधीच चालली नाही.
जरा डावीकडे, मग उजवीकडे,
मध्येच वीस पावलं जवळजवळ पळत.
नुसत्या सावल्या धरून गेलं असतं तर पाय वाचले असते,
पण मग बांगड्याचे डोळे पांढरे पडतात
आणि बाजारात गिऱ्हाईक आधी डोळेच बघतं.

मी आता संगणकाला हेच शिकवते.
इतके अंश, याच्या वर नको.
इतकी सेकंदं, याच्या पुढे नको.
पंख कलव, वळ, उलटा कलव.
परवा नाक चाळीस अंशांनी मर्यादेबाहेर गेलं.
मी पहिली बुडी थोडी उथळ केली.
नाक निवलं, पोट तापलं.
रात्री दोनपर्यंत असंच,
एकीकडून झाकलं की दुसरीकडून उघडं.

आणि उतरल्यावरही संपत नाही.
वाहन थांबलेलं असतं, बाहेरचं कवच निवतं,
तेव्हा आतल्या तारा तापू लागतात.
हे पहिल्यांदा पुस्तकात वाचलं
तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही.
अनसू संध्याकाळी हसतखेळत पैसे मोजायची,
आणि दिवे लागल्यावर गप्प होऊन
परातीतल्या पाण्यात पाय सोडून बसायची.
"आता येता तो वर," म्हणायची. तो. ताप.

एका रकान्यात वजन आहे, एकशे दहा किलो.
कशाचं, ते माझ्या फायलीत येत नाही.
मी विचारलं नाही. नऊ वर्षं झाली.
अनसूच्या पाटीत काय आहे
ते दहा पावलांवरून वासानेच कळायचं.

या सुट्टीत सड्यावर गेले. बारा वाजून गेले होते.
चपला काढल्या, हातात घेतल्या.
करवंदीची जाळी तोडून कुणी कुंपण घातलंय,
भेगांत सिमेंट.
तरी चालले, तिच्यासारखी, जरा डावीकडे, मग उजवीकडे.

अकरा पावलं.